अकरा दहाचा तास

सांख्यिकीत डी ग्रेड मिळाल्यामुळे मंजिरी खटावकरच्या आयुष्यातले साठ तास नव्या कॉलेजने स्वीकारले नाहीत, आणि ते साठ तास रोज एक याप्रमाणे, सुट्ट्या वगळून, रद्द होऊ लागले.

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. नियम जुना आहे. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाताना सी किंवा त्याहून वरच्या ग्रेडचे क्रेडिट हस्तांतरित होतात. डी म्हणजे पास, पण पास होणं वेगळं आणि हस्तांतर होणं वेगळं. चार क्रेडिटचा विषय म्हणजे साठ तास. क्रेडिट गेले की तास गेले, आणि तास गेले की त्या तासांत जे काही घडलं तेही गेलं. बदलीवाल्यांच्या घरांतून हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून कुणी कुणाला सांगत नाही.

मंजिरीचं घर बदलीवाल्यांचंच. वडील पाटबंधारे खात्यात. बारावीपर्यंत तिच्या सात शाळा झाल्या होत्या. प्रत्येक शाळेत ती बाकावर नीट बसायला शिकेपर्यंत घरात खोकी बांधायला सुरुवात व्हायची. सात शाळांत मिळून तिला एकही मैत्रीण नव्हती. वर्गातल्या मुलींची नावं पाठ असायची एवढंच. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी ती कॉलेजात गेली तेव्हाही तिने मनाशी पक्कं केलं होतं, की नावं पाठ करायची आणि बाकी कशात पडायचं नाही.

पहिल्याच मंगळवारी अकरा दहाला सांख्यिकीचा पहिला तास होता, वर्ग क्रमांक चौदामध्ये. मंजिरी उशिरा आली आणि शेवटच्या बाकावर बसायला गेली. त्या बाकाला बाजूने एक खिळा वर आलेला होता. ओढणी त्यात अडकली आणि टर्रकन फाटली. सगळा वर्ग मागे वळून पाहू लागला. तेव्हा बाकावर आधीपासून बसलेल्या मुलीने स्वतःच्या ओढणीची सेफ्टीपिन काढली, मंजिरीची फाटकी कड जुळवली आणि पिन लावली. मंजिरी लगेच हलायला गेली तर ती म्हणाली, "थांब की. उघडी ऱ्हायली तर टोचंल." मग तिने पिन मिटवली, बोटाने एकदा दाबून पाहिली आणि पुन्हा फळ्याकडे बघू लागली. ही शाहीन मुल्लाणी.

शाहीन सायन्सची, मंजिरी आर्ट्सची. दोघींचा समान विषय एकच, सांख्यिकी. शाहीनचं गाव लांब होतं आणि बारा वीसची एसटी चुकली की पुढची थेट तीनला. त्यामुळे दोघींची भेट व्हायची ती मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार, अकरा दहा ते बारा दहा. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. शाहीनच्या घरी एकच फोन होता आणि तो भावाच्या खिशात असायचा. अशा रीतीने मंजिरीच्या आयुष्यातली पहिली मैत्री संपूर्णपणे लाड सरांच्या सांख्यिकीच्या तासात बसवलेली होती. डी ग्रेड कशामुळे मिळाली, ते आता वेगळं सांगायला नको.

पहिली टर्म संपली आणि वडिलांचा बदलीचा हुकूम आला, थेट धुळ्याकडे. नोव्हेंबरअखेर खोकी बांधून झाली.

नव्या कॉलेजात हस्तांतर कक्षाची खिडकी क्रमांक तीन होती. तिथे विसपुते म्हणून एक गृहस्थ बसायचे. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, टेबलावर पाण्याची बाटली आणि तिच्या बाजूला दुसरी, रिकामी. विसपुत्यांनी मंजिरीचं गुणपत्रक वरून खाली वाचलं आणि एका ओळीवर पेन्सिल ठेवली.

"सांख्यिकी येत नाही," ते म्हणाले.

"थोडं येतं," मंजिरी म्हणाली.

"तसं नव्हे. आमच्याकडे येत नाही. डी आहे. बाकीचे सोळा क्रेडिट घेतले, हे चार राहिले. परिशिष्ट ग भरून दे."

परिशिष्ट ग म्हणजे रद्द होणाऱ्या तासांची यादी. साठ ओळी असतात. तारीख, वेळ, स्थळ, काय घडलं, कुणासोबत घडलं, आणि वस्तू असल्यास जंगम की स्थावर. तारीख, वेळ आणि स्थळ आधीच छापलेलं होतं. स्थळाच्या रकान्यात साठही ओळींमध्ये 'वर्ग क्र. १४' होतं. मंजिरीने तिथल्या बाकड्यावर बसून यादी भरली. तिला दोन दिवस लागले. भरताना ती अधूनमधून एकटीच हसत होती. विसपुत्यांनी दोनदा मान वर करून पाहिलं.

"जंगम वस्तू एकच?"

"एक सेफ्टीपिन. बाकी भडंग होतं, ते खाल्लं."

"खाल्लेलं परत घेत नाही. पिन जमा कर."

मंजिरीने ओढणीची पिन काढून दिली. विसपुत्यांनी ती पाकिटात घातली, पाकिटावर क्रमांक घातला आणि खणात ठेवली. यादीची दुय्यम प्रत तिला दिली.

"उद्यापासून रोज एक," ते म्हणाले. "शनिवारी, रविवारी आणि सणाच्या सुट्ट्यांना होत नाही. तुला त्रास काही होणार नाही. गेलेलं कळत नसतं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी मंजिरीला काहीही झालं नाही. यादीची पहिली ओळ तेवढी कोरी झाली होती. तारीख, वेळ, वर्ग क्रमांक चौदा, आणि पुढे पांढरा कागद.

संध्याकाळी शाहीनचा फोन आला. मंजिरी गेल्यापासून भावाच्या खिशातला फोन दिवसातून दहा मिनिटं शाहीनला मिळू लागला होता. कुणाला काय सांगून ते तिने कधी सांगितलं नाही.

"आज लाड सरांनी त्यो खिळा ठोकून घेतला," शाहीन म्हणाली. "सुताराला बोलावलं हुतं. मला लई वाईट वाटलं."

"कसला खिळा?"

"आपला खिळा गं. पहिल्या दिवसाचा."

"पहिल्या दिवशी काय झालं होतं?"

शाहीनने सगळं सांगितलं, उशीर, ओढणी, पिन. मंजिरी मनापासून हसली. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा आईने विचारलं, काय म्हणत होती शाहीन? मंजिरी सांगायला लागली आणि थांबली. सांगण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाहीनने तेच पुन्हा सांगितलं, आणि मंजिरी पुन्हा तितक्याच मनापासून हसली.

तिसऱ्या दिवशी शाहीनने सांगितलं नाही. नियमच तसा आहे. रद्द तासाची तोंडी नक्कल टिकत नाही.

आठव्या दिवसापर्यंतची कोरी जागा मंजिरीने शांतपणे पाहिली. काय गेलं ते कळत नसल्यामुळे दुःख करायला काही हाताशी नव्हतं. तिला वाईट वाटत होतं, पण कशाचं वाईट वाटतंय ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नवव्या दिवशी मात्र वेगळं झालं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि खालून शेजारच्या वहिनींचा बोका भिंतीवर चढून दुधाच्या पातेल्याकडे निघाला होता. मंजिरीने सवयीने दोन बोटं तोंडात घातली आणि फुंकर मारली. नुसती हवा आली. तिने पुन्हा मारली. पुन्हा हवा. बोका तिच्याकडे बघून सावकाश पुढे गेला.

तिने खाली येऊन यादी काढली. नववी ओळ कोरी होती. मंजिरीला काय गेलं ते कळलं नाही, पण आपण तोंडात बोटं का घातली होती, हे तिला कुठल्याही मार्गाने समजेना. आणि तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. साठ ओळी संपल्या की एक दिवस एका अनोळखी मुलीचा फोन येईल. ती मुलगी आपल्याला मंजे म्हणून हाक मारेल. आपण नीट बोलू, कारण आपल्याला नीट बोलायची सवय आहे. आणि ती हळूहळू फोन करायचं बंद करेल.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडण्याआधीच ती खिडकी क्रमांक तीनसमोर उभी होती.

"सर, ही मैत्री आहे," ती म्हणाली. "ती रद्द नाही करता येणार."

"मैत्री द्विपक्षी असते," विसपुते म्हणाले. "तुझी बाजू रद्द होते आहे. तिची बाजू तिच्या कॉलेजात सुरक्षित आहे. तिला सांख्यिकीत काय मिळालं?"

"बी प्लस. तिला आकडे आवडतात. घरी एकटीच गणितं सोडवत बसते."

"मग तर अगदी सुरक्षित. मैत्री एकतर्फी चालू राहील. पुष्कळ लोकांची चालते."

मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. विसपुत्यांनी दुसरी, रिकामी बाटली तिच्याकडे सरकवली. मग चूक लक्षात येऊन भरलेली सरकवली. मंजिरी पाणी प्यायली तोवर त्यांनी तिच्या यादीची मूळ प्रत काढली. मूळ प्रत कधी कोरी होत नाही, पण ती फक्त कार्यालयाला वाचता येते.

"एक विचारतो," ते म्हणाले. "चोविसावा तास. 'पेरूच्या झाडाखाली भांडण झालं, मग तिने पेरू फेकून मारला.' वर्ग क्रमांक चौदामध्ये पेरूचं झाड आहे का?"

मंजिरीने पाण्याची बाटली टेबलावर परत ठेवली.

"एकतिसावा. 'एनसीसीच्या खोलीच्या पायऱ्यांवर बसून भडंग खाल्लं, ऊन फार होतं.' पायऱ्या वर्गात आहेत? ऊन छतातून येत होतं?" त्यांनी चष्मा काढला. "मी हे पहिल्याच दिवशी वाचलं होतं. विचारलं नाही, कारण तू सांगितलं नव्हतंस. आम्ही न सांगितलेलं विचारत नाही."

"सर, मी वर्गात नव्हते," मंजिरी म्हणाली.

"किती तास?"

"आठवतात ते सदतीस." विसपुत्यांनी मूळ प्रतीत मोजले, अडतीस निघाले.

विसपुत्यांनी हातातला पेन खाली ठेवला. त्यांनी गुणपत्रकासोबतचं दुसरं कागदपत्र काढलं. ते लाड सरांच्या सहीचं प्रशस्तिपत्र होतं. साठपैकी साठ तास हजर राहिल्याबद्दल सांख्यिकी विभागाने ते मंजिरी आणि शाहीन दोघींना दिलं होतं. हजेरीच्या वेळी त्यांच्या नंबराला जो कुणी आवाज देत असे, त्याने एक दिवसही दांडी मारली नव्हती.

"आवाज कुणाचा होता?"

"आम्हाला कसं माहीत असणार, सर? आम्ही तिथे नव्हतो."

हे विसपुत्यांना पटलं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मग ते बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळत बसले आणि वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. असं प्रकरण त्यांच्याकडे आधी कधी आलं नसावं.

"असं आहे," ते म्हणाले. "जो तास तू वर्गात बसलीस तो कॉलेजचा. तो रद्द करायचा अधिकार आम्हाला आहे. जो तास तू बाहेर होतीस तो तुझा स्वतःचा. स्वतःचा तास कुठलंही विद्यापीठ रद्द करू शकत नाही. अडतीस तास तुला परत मिळतील. त्यातले जे चुकून गेले असतील तेसुद्धा."

मंजिरीचा चेहरा उजळला. विसपुत्यांनी हात वर केला.

"पण मग तुझी हजेरी बावीस. साठात बावीस म्हणजे सदतीस टक्केसुद्धा नाही. पंच्याहत्तर लागतात. म्हणजे तुला परीक्षेला बसायचाच अधिकार नव्हता. म्हणजे पहिली टर्म नामंजूर. म्हणजे ते सोळा क्रेडिटही गेले, त्यांचे वर्गातले सगळे तास गेले, आणि तू येत्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. वर्ष गेलं. तुझ्या पालकांची संमती लागेल."

"आणेन."

"आणि साक्षीदार लागेल. त्या अडतीस तासांत तू बाहेर होतीस, हे पाहणारं कुणीतरी. पाहणारं माणूस अर्थातच स्वतःही बाहेर असणार. त्याचीही टर्म जाईल."

मंजिरी घरी परतली ती चालत. वाटेत तिने ठरवून टाकलं होतं, की शाहीनला यातलं अक्षरही सांगायचं नाही. शाहीनला तिच्या गावातून कॉलेजला पाठवायला तिच्या अम्मीने केवढी खटपट केली होती, ते तिसाव्या तासात लिहिलेलं होतं आणि तो तास अजून शाबूत होता. आपल्या मैत्रीपायी तिचं वर्ष घालवायचं, हे मैत्रीत बसत नाही. पण घरी मात्र तिने सगळं सांगितलं.

"वर्ष?" वडील म्हणाले. "मंजू, अगं लोक वर्ष वाचवायला जिवाचं रान करतात. साठ तासांनी असं काय बिघडतंय? माझे स्वतःचे सर्व्हेइंगचे चार क्रेडिट गेले पॉलिटेक्निकला असताना. सोलापूरहून पुण्याला आलो तेव्हा. मला आजतागायत काही फरक पडलेला नाही."

"काय होतं त्यांत?" मंजिरीने विचारलं.

"ते कसं सांगणार? गेलेलं कळत नसतं."

आई इतका वेळ मेथी निवडत होती. तिने मेथीवरून मान वर न करता म्हटलं, "घोरपड्यांचं पत्र दाखवा तिला."

वडील उठले, कपाटाच्या वरच्या खणातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून आणला. त्यात दिवाळीची शुभेच्छापत्रं होती, सव्वीस. प्रत्येकावर एकच अक्षर, गोल गोल, निळ्या शाईतलं. 'प्रिय बापू, यंदाही आठवण काढली. तुझा, दिगंबर घोरपडे.' वडिलांना बापू म्हणणारं दुसरं कुणी मंजिरीने ऐकलेलं नव्हतं.

"कोण आहेत हे?"

"माहीत नाही," वडील म्हणाले. "सव्वीस वर्षं पत्र येतंय. मी उत्तर पाठवतो. 'आपलं पत्र मिळालं, आभारी आहे.' भला माणूस असावा. मागच्या वेळी त्याने लिहिलं होतं, की मोजणीचं थिओडोलाइट घेऊन आपण नदीत पडलो होतो ते मुलाला सांगितलं, तो फार हसला." ते पत्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "नदीत पडलो होतो म्हणे. मला पोहता येत नाही. मग बाहेर कसा आलो असेन?"

आईची मेथी निवडून झाली होती तरी ती काड्या पुन्हा पुन्हा चाळत होती. वडिलांनी पत्रं तारखेप्रमाणे लावून डब्यात ठेवली, झाकण बसवलं आणि डोळे पुसले. ते रडत होते, आणि कशासाठी ते त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"संमतीचा कागद कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "आण इकडे."

त्यांनी सही केली. पण साक्षीदाराचा रकाना रिकामाच होता, आणि तो रिकामाच राहणार होता. मंजिरीने तसं वडिलांना सांगितलं. वडिलांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. पुढे जे झालं त्यावरून असं दिसतं, की त्यांनी विचारलं नाही, पण शाहीनच्या भावाच्या खिशातल्या फोनचा नंबर आईच्या डायरीत होता आणि आईने तो लावला होता.

पुढच्या मंगळवारी सकाळी मंजिरी साक्षीदाराविना अडलेला अर्ज मागे घ्यायला म्हणून कॉलेजात गेली. तोवर यादीच्या तेरा ओळी कोऱ्या झाल्या होत्या. खिडकी क्रमांक तीनसमोरच्या बाकड्यावर शाहीन बसलेली होती. डोक्यावर ओढणी, पायाशी पिशवी, डोळे रात्रभराच्या एसटीने लाल झालेले.

"तू कशाला आलीस?" मंजिरी म्हणाली.

"आधी ओळखलंस का सांग."

"ओळखलं."

"मग झालं तर. बस." शाहीनने पिशवी सरकवून जागा केली. "तुझ्या आईनं सगळं सांगितलं. तू सांगणार न्हाईस म्हणाल्या. बरोबर वळखत्यात तुला."

"शाहीन, तुझं वर्ष जाईल. अम्मी काय म्हणाली?"

"अम्मी दोन दिस बोलली न्हाई. तिसऱ्या दिशी भडंग करून दिलं. आता त्यातनं तुला काय समजायचं ते समज." तिने मंजिरीकडे बघितलं. "बी प्लसचं काय एवढं? गणितं मला येत्यात ती मी घरी शिकले, ती जात न्हाईत. जूनमधी परत सोडवीन. पर तू एक दिवस मला 'आपण कोण' म्हणून इचारलं असतंस ना मंजे, तर मी काय सोडवणार हुते?"

मंजिरीने शाहीनचा हात धरला आणि घट्ट धरून ठेवला.

विसपुत्यांनी दोघींना आत बोलावलं आणि दोन खुर्च्या दिल्या. खिडकीच्या आत खुर्ची मिळणाऱ्या त्या वर्षातल्या त्या पहिल्याच अर्जदार होत्या. शाहीनने आपला साक्षीचा अर्ज नीट वाचला. वाचता वाचता ती एका ठिकाणी थांबली.

"सर, वर्गातलं जाणार, बाहेरचं राहणार. असंच ना?"

"असंच. दोघींचंही. टर्म नामंजूर झाली की वर्गातले तास एकदम जातात. रोज एक नाही."

"म्हंजे पहिला दिवस जाणार. माझ्याकडचासुदिक."

"पहिल्या दिवशी तुम्ही वर्गात होतात?"

"हुतो. पहिले आठ तास नीट बसलो हुतो."

"मग जाणार."

"माझा आधीच गेला," मंजिरी म्हणाली. "शाहीन, कसा होता पहिला दिवस?"

शाहीनने तोंड उघडलं. विसपुत्यांनी हळूच मान हलवली. तोंडी नक्कल टिकत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. शाहीनने तोंड मिटलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "चांगला हुता."

मग तिने सही केली. विसपुत्यांनी शिक्का शाईत बुडवला, एकदा स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिला आणि दोन्ही अर्जांवर मारला.

दोघींनाही काही झालं नाही. इंग्रजी, अर्थशास्त्र आणि पर्यावरण या विषयांचे वर्गातले सगळे तास मंजिरीच्या डोक्यातून निघून गेले, पण ते आधी तिथे होते असं म्हणायला फारसा पुरावा नव्हता.

"पडताळणी करावी लागेल," विसपुते म्हणाले. त्यांनी मूळ प्रत पाहिली. "नववा तास. एनसीसीची खोली. वाजवून दाखव."

मंजिरीने दोन बोटं तोंडात घातली. शिट्टी अशी वाजली, की खिडकी क्रमांक एक ते सातमधले सगळे कारकून उभे राहिले आणि बाहेरचा शिपाई जेवणाची सुट्टी झाली म्हणून घंटा द्यायला धावला. शाहीन टाळ्या वाजवू लागली. विसपुत्यांनी नववा तास परत मिळाल्याची नोंद केली आणि त्यापुढे कंसात लिहिलं, समाधानकारक.

शेवटचा एक रकाना राहिला होता. ज्या मैत्रीचा काही भाग शाबूत ठेवला जातो तिच्यासाठी तो भरावाच लागतो. विसपुत्यांनी वाचून दाखवलं. "उभयतांची ओळख केव्हा व कशी झाली?"

मंजिरीने शाहीनकडे पाहिलं. शाहीनने मंजिरीकडे पाहिलं. दोघींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नवव्या तासाला शिट्टी होती, तेव्हा त्या मैत्रिणी होत्याच. त्याच्या अलीकडे काही नव्हतं.

"पहिल्यापासूनच आहे," मंजिरी म्हणाली.

"व्हय," शाहीन म्हणाली. "पहिल्यापासूनच."

विसपुत्यांनी तसं लिहिलं. मग दोन्ही अर्ज एकमेकांवर ठेवले आणि टाचणी शोधू लागले. टाचण्या संपल्या होत्या. त्यांनी खण उघडला, पाकीट काढलं आणि त्यावरचा क्रमांक वाचला. ती जंगम वस्तू ज्या तासातली होती तो तास आता कुणाच्याच नावावर नव्हता. म्हणजे वस्तू बेवारस, म्हणजे कार्यालयाची. त्यांनी पाकिटातून सेफ्टीपिन काढली आणि दोन्ही अर्जांच्या कोपऱ्यातून आरपार घातली. पिनेचं टोक तसंच बाहेर राहिलं.

"थांबा की सर," शाहीन पुढे वाकून म्हणाली. "उघडी ऱ्हायली तर टोचंल कुणाला तरी."

तिने पिन मिटवली आणि बोटाने एकदा दाबून पाहिली. मंजिरी तिच्याकडे बघत होती. कुठल्या लांबच्या कार्यालयातल्या माणसाला टोचू नये म्हणून एवढी काळजी करणारी ही मुलगी आपली मैत्रीण आहे, याचं तिला फार बरं वाटलं. अशा मुलीशी आपली ओळख कशी झाली असेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि झाली एवढं पुरे, असं म्हणून तिने तो सोडून दिला.

दोघी बाहेर आल्या आणि कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. शाहीनने पिशवीतून भडंगाचा डबा काढला. आत कुठल्यातरी वर्गात हजेरी सुरू होती आणि कुणीतरी कुणाच्यातरी नंबराला आवाज देत होतं. मंगळवार होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मंजिरीचा प्रवेश जूनपासून होता, शाहीनचाही जूनपासून. तोपर्यंतचे सगळे तास त्यांचे स्वतःचे होते.